बास्केटबॉलची खाजगी शिकवणी

शिकवणी हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे गणिताचे किंवा इंग्रजीचे पुस्तक, एक मेज आणि घड्याळाकडे चोरून पाहणारा विद्यार्थी उभा राहतो. परंतु गेल्या काही वर्षांत भारतातील शहरांतून ह्या शब्दाची व्याप्ती वाढली आहे. सायंकाळी एखाद्या मोठ्या वसाहतीच्या आवारात, शाळेच्या पटांगणात किंवा क्लबच्या मैदानावर गेले, तर बास्केटबॉलच्या एका रिंगखाली बारा-तेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आणि एक प्रौढ शिक्षक अशी दोघेच दिसतात. मुलगा चेंडू टाकतो, शिक्षक तो परत देतो, कोपर थोडे आत घ्यावयास सांगतो, आणि पुन्हा तेच. कडेच्या बाकावर आई किंवा वडील बसलेले असतात. तासाचा मोबदला ठरलेला असतो आणि तो काही थोडाथोडका नसतो.

पाच-पाच जणांनी मिळून खेळावयाचा हा खेळ एकट्याला कसा शिकविता येतो? आणि येत असेल तर त्यातील कोणता भाग? बाकावर बसलेल्या पालकांनी पैसे मोजण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. कारण पणाला लागलेले असते ते केवळ द्रव्य नव्हे, वाढत्या वयाच्या मुलाचे शरीर आणि त्याची खेळावरील प्रीतीही त्यात गुंतलेली असते.

हा खेळ जन्मला तोच मुळी वर्गात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफिल्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाने, हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून तो सुरू केला. वर्गात अठरा विद्यार्थी होते, म्हणून प्रत्येक बाजूस नऊ गडी झाले. त्या पहिल्या सामन्यात चेंडू टोपलीत एकदाच पडला. नेस्मिथच्या मूळच्या तेरा नियमांप्रमाणे चेंडू हाती आला की तो घेऊन धावावयाचे नाही. जेथे मिळाला तेथूनच तो दुसऱ्याकडे फेकावयाचा. टप्पे मारीत चेंडू नेण्याची कला, म्हणजे ड्रिबल, त्या नियमांत नव्हती. उडी मारून हवेतून नेम धरण्याचा जंप शॉट तर फार पुढचा. एकट्याने कमवावयाची कौशल्ये खेळात जसजशी शिरली, तसतशी एकट्याला शिकविण्याची गरजही उत्पन्न झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या गरजेचे मूळ साध्या अंकगणितात आहे. शाळेतील एका शिक्षकापाशी तीस मुले आणि एक रिंग असली, आणि दर सहा सेकंदांस एक ह्या वेगाने चेंडू रिंगकडे गेला, तरी तासात सहाशे नेम होतात व प्रत्येकाच्या वाट्यास वीस येतात. त्या विसांत कोणाचे कोपर बाहेर जाते आणि कोणाची टाच चुकीच्या वेळी उचलली जाते, हे शिक्षकाने पाहावे तरी केव्हा? शिकवणीत तोच मुलगा तासाभरात दोनशे-अडीचशे वेळा चेंडू टाकतो आणि प्रत्येक वेळी एक जाणती नजर त्याच्यावर असते. संगीतात किंवा कुस्तीत हे कोणास सांगावे लागत नाही. गुरुजींनी समोर बसवून संथा दिल्यावाचून सूर लागत नाही आणि वस्तादाने अंगाला हात लावून दाखविल्यावाचून पेच कळत नाही. बास्केटबॉललाही हे लागू आहे. मात्र किती लागू आहे हेच पाहावयाचे आहे.

रिंगचा आतील व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर असतो आणि मोठ्या माणसांच्या चेंडूचा सुमारे २४. चेंडू आकाशातून सरळ खाली पडला, तर त्याला २१ सेंटिमीटरांची मोकळीक मिळते. परंतु चेंडू येतो तिरपा, आणि तिरप्या बाजूने पाहिले असता ते गोल कडे चपटे, लंबगोल दिसू लागते. चेंडू ४५ अंशांच्या कोनात उतरत असेल, तर कड्याचे तोंड त्याच्यापुरते सुमारे ३२ सेंटिमीटर उरते आणि मोकळीक आठावर येते. कोन ३२ अंशांपर्यंत उतरला की तोंड आणि चेंडू यांची रुंदी एकच होते. त्याहून सपाट आलेला चेंडू कडेला न घासता आत जाणे भूमितीलाच मान्य नाही. म्हणून चेंडू उंच कमानीत गेला पाहिजे. तो फार उंच नेला तर जोर अधिक लागतो आणि हाताची बारीकशी चूकही वाढत जाते. तेव्हा मध्यम मार्ग काढावा लागतो. त्यासाठी कोपर चेंडूखाली हवे, शेवटी मनगट पुढे मोडावयास हवे आणि चेंडू बोटांच्या टोकांवरून सुटताना त्याला उलटी फिरकी मिळावयास हवी; कारण अशा फिरकीचा चेंडू कड्यावर आपटला तरी त्याचा वेग मरतो आणि तो आत पडण्याचा संभव वाढतो. शक्ती मात्र पायांतून यावी. एवढे सारे एका क्षणात घडते, आणि त्यातील काय बिघडले ते खेळणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. येथे खाजगी शिक्षकाचा उपयोग निर्विवाद आहे.

हा हिशेब ज्याने प्रत्यक्ष मांडला आणि एका मुलाच्या हातात उतरविला, अशा एका शिक्षकाची कथा ह्या संदर्भात जाणून घेण्याजोगी आहे. होल्गर गेश्विंडनर हा जर्मन गृहस्थ गणित व पदार्थविज्ञान शिकलेला होता, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या बास्केटबॉल संघातून खेळला होता. पन्नाशीच्या सुमारास त्याच्या दृष्टीस व्युर्त्सबुर्ग गावचा एक उंच, काटकुळा मुलगा पडला. पंधरा-सोळा वर्षांच्या त्या मुलाचे नाव डर्क नोवित्स्की. आई राष्ट्रीय संघातून बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉलपटू, आणि मुलगा स्वतः लहानपणी हँडबॉल व टेनिस खेळलेला. गेश्विंडनरने त्याला शिकविण्याची तयारी दर्शविली आणि त्याबद्दल एक पैसाही घेतला नाही.

त्याची पद्धत चारचौघांसारखी नव्हती. वजने उचलणे आणि डावपेचांची घोकंपट्टी त्याने बाजूस ठेवली. चेंडू टाकणे आणि चेंडू देणे ह्या दोन गोष्टींवर त्याचा सारा भर होता. त्या मुलाच्या उंचीला व हाताच्या लांबीला कोणती कमान मानवेल ह्याचे गणित त्याने कागदावर केले. त्याचबरोबर एखादे वाद्य शिक, चांगली पुस्तके वाच, असा त्याचा आग्रह असे. नोवित्स्की सॅक्सोफोन वाजवावयास शिकला तो ह्यातूनच. आपल्या ह्या उद्योगास गेश्विंडनरने थट्टेने ‘उपयोजित खोडसाळपणाची संस्था’ अशा अर्थाचे नाव दिले होते. वर्षभरानंतर त्याने मुलापुढे सरळ निवड ठेवली: जर्मनीतला नामांकित खेळाडू म्हणून राहावयाचे असेल तर आताचा सराव पुरे, जगातील श्रेष्ठांशी झुंजावयाचे असेल तर उद्यापासून रोज यावे लागेल. मुलाने दोन दिवस विचार केला आणि दुसरा मार्ग पत्करला.

पुढील इतिहास प्रसिद्ध आहे. मार्च १९९८ मध्ये टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथे अमेरिकेच्या निवडक तरुणांविरुद्ध जागतिक संघातून खेळताना नोवित्स्कीने ३३ गुण मिळविले. त्याच वर्षी तो डॅलस मॅव्हरिक्स ह्या व्यावसायिक संघात दाखल झाला. पहिल्या हंगामात त्याची सरासरी अवघी ८.२ गुणांची होती, हेही विसरून चालणार नाही. २००७ मध्ये तो त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि २०११ मध्ये त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. त्या वर्षीच्या उपांत्य फेरीतील एका सामन्यात त्याला २४ फ्री थ्रो मिळाले आणि त्याने चोवीसही आत टाकले. एकवीस हंगाम एकाच संघातून खेळून २०१९ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ३१,५६० गुण होते. मधल्या काळात नेम बिघडला की गेश्विंडनर जर्मनीहून डॅलसला जाई आणि दोघे पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करीत.

ही कथा सांगून शिकवणीची जाहिरात करणारे पुष्कळ निघतील. परंतु तीतील दोन गोष्टी बहुधा वगळल्या जातात. पहिली अशी की नोवित्स्की कधी एकटा शिकत नव्हता. व्युर्त्सबुर्गच्या संघातील त्याच्याच वयाचे रॉबर्ट गॅरेट, मार्व्हिन विलोबी आणि डेमंड ग्रीन हेही त्याच्या सरावात सहभागी असत, आणि ते तिघेही पुढे जर्मनीकडून खेळले. शिवाय त्याच काळात नोवित्स्की आपल्या गावच्या संघातून सामने खेळत होता. म्हणजे सरावात जे कमावले ते सामन्यात खर्चून पाहण्याची सोय होती. दुसरी गोष्ट अशी की त्या शिक्षकाला पुढच्या आठवड्यात प्रगती दाखविण्याची घाई नव्हती. जो तासावर मोबदला घेतो त्याला ती असते, आणि त्यात त्याचा सर्वस्वी दोष आहे असेही नाही. बाकावर बसलेले पालक दर शनिवारी फळ पाहू इच्छितात.

ह्या घाईचा पहिला बळी मुलाचे शरीर होते. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते आणि मोठ्यांचा, म्हणजे सात क्रमांकाचा, चेंडू सुमारे सहाशे ग्रॅम भरतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती तो दिला की तो कमरेपासून वळसा घेऊन, दोन्ही हातांनी, सारे अंग फेकून चेंडू कसाबसा वर ढकलतो. चेंडू पोहोचतो खरा. परंतु जी मोडणी अंगात मुरते ती पुढे वर्षानुवर्षे निघत नाही. म्हणूनच लहान मुलांच्या मिनी-बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरांवर आणतात आणि पाच क्रमांकाचा, पाचशे ग्रॅमच्या आतला चेंडू वापरतात. आपल्याकडे ही गोष्ट पुष्कळदा कमीपणाची वाटते. रिंग खाली आणली तर मुलाला सोपे करून दिले असे पालकांना वाटते. वास्तविक पहिलीतल्या मुलाला त्याच्या हाताच्या मापाची पेन्सिल देण्यात जेवढा कमीपणा असेल तेवढाच ह्यात आहे.

गुडघ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. बारा ते पंधरा ह्या वयात हाडे झपाट्याने वाढतात आणि स्नायू व त्यांचे बंध मागे राहून ताणले जातात. अशा दिवसांत रोज शेकडो उड्या मारल्या की गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी जेथे बंध जोडलेला असतो, तेथे सूज येऊन ठणका लागतो. १९०३ मध्ये ऑसगुड आणि श्लॅटर ह्या दोन वैद्यांनी ह्या विकाराचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावांनी तो ओळखला जातो. बहुतेकांच्या बाबतीत वाढ पुरी झाली की तो बरा होतो. मात्र तोवर भार कमी करावा लागतो. शाळेचा सराव, संघाचा सराव आणि वर खाजगी शिकवणी अशी तिहेरी बेरीज झाली, तर ती बेरीज करून पाहणारा कोणीच नसतो. प्रत्येक शिक्षकाला फक्त आपला तास ठाऊक असतो. शिकवणीचा व्यवसाय जेथे सर्वाधिक फोफावला आहे त्या अमेरिकेतच, २०१६ मध्ये तेथील व्यावसायिक संघटना एन.बी.ए. आणि राष्ट्रीय बास्केटबॉल संस्था ह्यांनी मिळून मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि चौदा वर्षांपर्यंत मुलाने एकाच खेळाला वाहून घेऊ नये, विश्रांतीचे दिवस राखून ठेवावेत, असे स्पष्ट सांगितले. हँडबॉल आणि टेनिस खेळणाऱ्या व्युर्त्सबुर्गच्या मुलाला हे कोणी सांगितले नव्हते, पण तो तसाच वाढला होता.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही, कारण तो यशाच्या रूपात येतो. एकाच जागेवर उभे राहून मुलाने शंभर वेळा चेंडू टाकला की विसाव्यापेक्षा नव्वदावा नेम निश्चित चांगला असतो. पालक सुखावतात. परंतु ही सुधारणा कितपत टिकते? केर आणि बूथ ह्या संशोधकांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उद्बोधक आहे. आठ वर्षांच्या मुलांना त्यांनी लहान पिशव्या नेम धरून फेकावयास लावल्या. एका गटाने केवळ तीन फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून कधीच नाही. शेवटी परीक्षा घेतली ती तीन फुटांवरून, आणि सरस ठरला तो दुसरा गट. हात एक ठरावीक हालचाल पाठ करीत नाही. अंतर आणि जोर ह्यांचे नाते तो शिकतो, आणि ते नाते वैविध्यावाचून उमगत नाही. सामन्यात तर एकाच जागेवरून लागोपाठ दोनदा नेम धरण्याची संधी फ्री थ्रोखेरीज सहसा येतच नाही. तेव्हा जो शिक्षक दर खेपेस जागा, अंतर आणि वेग बदलतो, त्याचा विद्यार्थी त्या तासात वाईट दिसेल. महिन्याने तो चांगला दिसेल.

टप्प्यांच्या बाबतीतही असेच घडते. मैदानावर नारिंगी रंगाचे शंकू ओळीने मांडून त्यांच्यामधून नागमोडी चेंडू नेण्याचा सराव सर्वत्र दिसतो, आणि तो पाहावयास मोठा गोड असतो. परंतु शंकू हात पुढे करीत नाही, हूल देत नाही आणि हुलीला फसतही नाही. जुने शिक्षक एक साधी युक्ती करीत आले आहेत. मुलगा टप्पे मारीत येत असता ते समोर उभे राहून हाताची बोटे दाखवितात आणि मुलाने ती किती आहेत ते मोठ्याने सांगावयाचे असते. चेंडूकडे पाहिले तर आकडा चुकतो. शंकूंपेक्षा ही पाच बोटे अधिक शिकवितात.

ह्या सर्वांहून मोठी मर्यादा मात्र खेळाच्या घडणीतच आहे. सामना चाळीस मिनिटांचा असतो. मैदानावर दहा खेळाडू असतात आणि चेंडू एकच. चेंडू सर्वांत समान वाटला गेला असे धरले, तरी प्रत्येकाच्या हाती तो चार मिनिटे येतो. हवेतला आणि जमिनीवरला वेळ वजा केला तर त्याहूनही कमी. उरलेल्या छत्तीस मिनिटांत खेळाडू काय करतो? तो सोबत्यासाठी जागा मोकळी करतो, प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत उभा राहतो, रिंगवरून उसळणाऱ्या चेंडूचा अंदाज घेतो, मदतीला धावतो, आणि चोवीस सेकंदांच्या मुदतीत कोण कोठे मोकळा होईल ते ताडतो. खाजगी शिकवणी ह्या चार मिनिटांची आहे. ती चार मिनिटे महत्त्वाची आहेत, कारण गुण त्यांतच मिळतात. परंतु केवळ त्यांचाच रियाज केलेला मुलगा संघात आला की एक विचित्र दृश्य दिसते. चेंडू हाती असताना तो देखणा खेळतो आणि चेंडू हातातून गेला की उभा राहतो. सोबती त्याला चेंडू द्यावयास नाखूष होतात, कारण तो परत येत नाही. शाळेच्या शिक्षकांची शिकवणीवाल्यांविरुद्ध जी तक्रार असते तिच्या मुळाशी बहुधा हेच असते, आणि ती अगदीच मत्सरापोटी नसते.

भारतात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. महाविद्यालयातील प्रवेश किंवा रेल्वेसारख्या खात्यातील नोकरी खेळाडूंच्या राखीव जागांतून मिळेल, अशी आशा पुष्कळ पालकांच्या मनात असते. पंजाबातील बल्लोके गावचा सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीतून २०१० मध्ये फ्लोरिडातील एका प्रशिक्षणसंस्थेत गेला आणि २०१५ मध्ये, योगायोग असा की, नोवित्स्कीच्याच डॅलस संघाने त्याची निवड केली. एन.बी.ए.च्या निवडीत स्थान मिळविणारा तो पहिला भारतीय. तथापि तो घडला तो लुधियानाच्या वसतिगृहात राहून, दिवसरात्र इतर मुलांबरोबर खेळून. तासाच्या शिकवणीवर अशी स्वप्ने टांगणे हे मुलावर ओझे लादण्यासारखे आहे. पैसे मोजले म्हणून फळ मिळालेच पाहिजे, हे गणित मुलाला फार लवकर कळते. आणि चुकलेला प्रत्येक नेम त्याला मग कर्जासारखा वाटू लागतो.

शिक्षक निवडताना पालकांनी काय पाहावे? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असेल तर उत्तमच. परंतु एक तास मुकाट्याने बसून पाहिले तर पदविकेहून अधिक कळते. शिक्षक बोलतो किती आणि मुलगा खेळतो किती, चूक झाल्यावर तो लगेच सांगतो की मुलाला स्वतः शोधण्यास थोडा अवकाश देतो, गुडघा दुखतो म्हटल्यावर थांबवितो की हसून नेतो, संघाचा सराव आठवड्यात कितीदा असतो हे त्याने विचारले आहे काय, ह्या गोष्टी न लपणाऱ्या आहेत. शिकवणी उघड्या मैदानावर, चार लोकांच्या दृष्टीसमोर व्हावी आणि पालकांना केव्हाही येऊन बसता यावे, ही अट तर कोणत्याही संकोचाविना घालावी. विशेषतः मूल एकटे असते तेव्हा. सज्जन शिक्षकाला तिचा राग येत नाही.

आणि शक्य असेल तेथे एका मुलाऐवजी तीन मुलांची शिकवणी ठरवावी. खर्च तिघांत वाटला जातो हा लाभ आहेच. परंतु तिघे जमले की एक चेंडू देणारा, एक घेणारा आणि एक अडविणारा असा खेळाचा सर्वांत लहान संसार उभा राहतो. शंकूंचे काम उरत नाही आणि चेंडूवाचूनच्या मिनिटांचाही अभ्यास होऊ लागतो. अशी सहा मुले झाली तर तीन-तीनांचे दोन संघ होतात आणि अर्धे मैदान व एक रिंग त्यांना पुरते. तीन गड्यांचा हा खेळ २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्येही आला आहे. सामना दहा मिनिटांचा, किंवा एकवीस गुण आधी झाले तर तेथेच संपणारा. चेंडू रिंगकडे टाकण्यास मुदत अवघी बारा सेकंद, आणि सामना चालू असता प्रशिक्षकाने कडेवरून सूचना द्यावयाच्या नाहीत असा नियम आहे. वसाहतीच्या आवारात बहुधा रिंग असते तीही एकच.